कुत्रा, मेंढी आणि माणूस : तोंडावाटे शिरणाऱ्या कृमींची साखळी

गावच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी बकरे कापले जाते, तेव्हा खाटकाभोवती वाट्यासाठी थांबलेली माणसे असतात आणि थोड्या अंतरावर कुत्रीही बसून असतात. जनावराचे पोट फाडून कलेजी बाहेर काढताना तिच्यावर एखादे वेळी लिंबाएवढी, कधी त्याहूनही मोठी, पांढरट आणि ताणलेली फोड दिसते. सुरी लागताच तिच्यातून स्वच्छ पाण्यासारखा द्रव उडतो. खाटीक तेवढा भाग कापतो आणि सवयीने कुत्र्यांकडे भिरकावतो. माणसाला नको असलेली वस्तू कुत्र्याने खाल्ली, यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. वस्तुतः मेंढीपासून कुत्र्याकडे आणि कुत्र्यापासून माणसाकडे जाणाऱ्या एका रोगाची वाट याच ठिकाणी मोकळी होत असते.

या रोगास वैद्यकशास्त्रात हायडेटिड रोग असे नाव आहे. पाण्याने भरलेल्या फोडीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून ते पडले. त्याचे कारण असलेला एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस हा पट्टकृमींच्या वर्गातील एक अतिशय लहान कृमी होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे एकिनोकॉकस जातीच्या कृमींमुळे कोणत्याही एका वेळी जगात दहा लाखांहून अधिक माणसे बाधित असतात. भारतात हा रोग मेंढ्या-शेळ्या, गाई-म्हशी व डुकरे या सर्वांत आढळतो आणि माणसांतही आढळतो. तरीही ग्रामीण भागात त्याचे नाव फारसे कोणाच्या कानी गेलेले नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याची भीती सर्वांना असते. घरच्या शांत, निरोगी दिसणाऱ्या कुत्र्यापासून काही होऊ शकते, ही कल्पनाच सहसा मनात येत नाही.

दोन आश्रयदाते, दोन रूपे

परोपजीवी प्राणी दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्यावर जगतो हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. पुष्कळ परोपजीवींना आयुष्य पुरे करण्यासाठी एक नव्हे तर दोन आश्रयदाते लागतात, हे मात्र समजावून सांगावे लागते. एकाच्या शरीरात त्यांची वाढ पुरी होते आणि दुसऱ्याच्या शरीरात ते अपुऱ्या अवस्थेत वाट पाहत राहतात. एकातून दुसऱ्यात जाण्याचा मार्ग बहुधा तोंडातूनच असतो. कोण कोणाला खातो आणि कोणाची विष्ठा कोणाच्या अन्नापाण्यात मिसळते, यावर साऱ्या व्यवहाराचा भर असतो.

हायडेटिडच्या कृमीचा प्रौढ आश्रयदाता कुत्रा. त्याच्या लहान आतड्यात हा कृमी चिकटून राहतो. त्याची लांबी काही मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याहून अधिक नसते आणि शरीरात तीन-चार खंड असतात. शेवटच्या खंडात अंडी भरलेली असतात. एका कुत्र्याच्या आतड्यात असे हजारो कृमी असले तरी तो खातो, पितो, राखण करतो. त्याच्याकडे पाहून काही कळत नाही. पिकलेले खंड व अंडी विष्ठेबरोबर बाहेर पडतात. एका अंड्याचा आकार मिलिमीटरच्या सुमारे तिसाव्या भागाएवढा असतो. ते डोळ्यांना दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखालीही ते कुत्र्यातील इतर काही पट्टकृमींच्या अंड्यांपासून वेगळे ओळखता येत नाही, त्यामुळे विष्ठेच्या साध्या तपासणीने निश्चित निदान होणे कठीण असते.

गवतावर, मातीत, ओढ्याच्या काठावर पडलेली ही अंडी थंड व ओलसर जागी कित्येक महिने जिवंत राहतात. थंडीने ती मरत नाहीत, नेहमीच्या जंतुनाशक द्रव्यांनाही दाद देत नाहीत. कडक उष्णता व कोरडेपणा यांपुढे मात्र ती टिकत नाहीत. चरणाऱ्या मेंढीच्या पोटात गवताबरोबर अंडे गेले की त्याचे कवच विरघळते आणि आतून सहा आकड्यांचा सूक्ष्म भ्रूण बाहेर येतो. आतड्याची भिंत भेदून तो रक्तात शिरतो. आतड्याकडून येणारे रक्त प्रथम यकृतातून गाळले जात असल्याने बहुतेक भ्रूण तेथेच अडकतात. जे निसटतात ते फुफ्फुसात अडकतात. अडकलेला भ्रूण हळूहळू द्रवाने भरलेल्या कोषाचे रूप घेतो. या कोषाच्या आतील अस्तरावर कृमींची बारीक डोकी तयार होतात आणि एका कोषात ती हजारोंच्या संख्येने असू शकतात. कुत्र्याने असा एक कोष कच्चा खाल्ला की त्यातील प्रत्येक डोक्यापासून एकेक प्रौढ कृमी तयार होण्याची शक्यता असते. सुमारे सहा-सात आठवड्यांत ते अंडी घालू लागतात.

सर्वच जनावरांतील कोष सारखे धोक्याचे नसतात. मेंढीतील कोष बहुधा फलक्षम असतात. गाई-बैलांतील कोष पुष्कळदा वांझ निघतात, म्हणजे त्यांत पाणी असते पण कृमींची डोकी नसतात. बाहेरून पाहून मात्र हा फरक कळत नाही, म्हणून प्रत्यक्ष व्यवहारात प्रत्येक कोष धोक्याचाच मानावा लागतो.

माणूस या साखळीत येतो कोठे?

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कोष असलेल्या जनावराचे मटण खाल्ल्याने माणसाला हायडेटिड रोग होत नाही. कोषातून कृमी फक्त कुत्र्याच्या व त्याच्या जातकुळीतील प्राण्यांच्या आतड्यातच वाढतो. माणसाला रोग होतो तो कुत्र्याच्या विष्ठेतील अंडे तोंडात गेल्याने. म्हणजे माणूस येथे मेंढीच्या जागी असतो. फरक इतकाच की माणसाचे यकृत कुत्र्याच्या तोंडी पडत नाही, त्यामुळे कृमीच्या दृष्टीने माणूस ही बंद वाट ठरते. एका माणसापासून दुसऱ्या माणसाला हा रोग होत नाही आणि रुग्णाला वेगळे ठेवण्याचेही कारण नाही.

अंडे तोंडापर्यंत पोचते कसे, हे पाहण्यासाठी कोणत्याही अंगणात तासभर बसावे. कुत्रा स्वतःचे अंग, गुदद्वाराचा भाग चाटून साफ करतो. त्याच जिभेने तो मुलाचा हात व तोंड चाटतो. त्याच्या केसांत, विशेषतः मागच्या पायांजवळ, अंडी चिकटलेली असतात. मूल त्याच्या गळ्यात हात टाकते, मग भाकरीचा तुकडा हातात घेते. अंगणातील धूळ, सारवणाची माती, परड्यात लावलेली मेथी-कोथिंबीर, उघड्या आडाचे पाणी हे आणखी मार्ग. भाजी धुतल्याशिवाय कच्ची खाणारा माणूस कुत्रा न पाळताही बाधित होऊ शकतो. मांसाहार करणारा की शाकाहारी, हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे.

पुष्कळांना हा संसर्ग लहानपणी होतो आणि रोग दिसतो तो मोठेपणी. कोष वर्षानुवर्षे मंद गतीने वाढतो. सुमारे सत्तर टक्के रुग्णांत तो यकृतात, त्या खालोखाल फुफ्फुसात, क्वचित मेंदूत, हाडांत किंवा अन्यत्र असतो. काही जणांत तो आयुष्यभर गप्प राहतो आणि दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी करताना अचानक सापडतो. काहींना उजव्या बरगडीखाली जडपणा, दुखणे, कावीळ, खोकला अशा तक्रारी सुरू होतात. मोठा धोका असतो तो कोष फुटण्याचा. पोटावर आघात झाल्याने किंवा आपोआपही तो फुटू शकतो. त्यातील द्रव शरीरात पसरून तीव्र, प्रसंगी प्राणघातक प्रतिक्रिया येते आणि विखुरलेल्या डोक्यांपासून नवे कोष तयार होतात. म्हणूनच पोटातील गाठ म्हणून कोठेही सुई टोचून पाणी काढण्याचा प्रयोग करू नये, असे शल्यचिकित्सक सांगतात.

उपचार आहेत, परंतु ते सोपे नाहीत. कोषाचा प्रकार व आकार पाहून शस्त्रक्रिया, सोनोग्राफीच्या साह्याने सुईने कोष रिकामा करून त्यात कृमिनाशक द्रव्य सोडणे, काही महिने आल्बेंडाझोल देणे, किंवा निष्क्रिय झालेल्या कोषावर नुसते लक्ष ठेवणे यांपैकी मार्ग निवडला जातो. शाळांमधून व अंगणवाड्यांतून राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना आल्बेंडाझोलचीच गोळी दिली जाते. तिचा उपयोग आतड्यातील जंतांसाठी होतो आणि तो मोलाचा आहे. तथापि त्या एका मात्रेने यकृतातील कोष जात नाही. काही शिक्षकांचा व पालकांचा या बाबतीत घोटाळा होण्याचा संभव असल्याने हे येथे स्पष्ट केले आहे.

एका बेटाची कहाणी

हायडेटिड रोग आटोक्यात कसा आणावा, याचे पहिले मोठे उदाहरण आइसलँड या उत्तरेकडील थंड बेटाचे आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे मेंढपाळी हाच मुख्य व्यवसाय होता. घरोघर मेंढ्या आणि घरोघर कुत्री. मेंढ्या घरीच कापल्या जात आणि टाकाऊ भाग कुत्र्यांना मिळत असे. लांब हिवाळ्यात माणसे व कुत्री एकाच बंद घरात राहत. पोटात मोठमोठ्या गाठी असलेली माणसे तेथे इतकी होती की बाहेरून आलेले वैद्य चकित होत.

त्या काळी युरोपात या फोडींचे कोडे नुकतेच सुटू लागले होते. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ फॉन सीबोल्ड यांनी १८५२ साली मेंढीतील कोष कुत्र्यांना खाऊ घातले आणि त्यांच्या आतड्यात कृमी वाढतात हे दाखवून दिले. डेन्मार्कचे हाराल्ड क्राबे हे १८६३ साली आइसलँडला गेले. त्यांनी शंभर कुत्र्यांची आतडी तपासली व त्यांपैकी अठ्ठावीस कुत्र्यांत हा कृमी त्यांना आढळला. परतल्यावर त्यांनी साध्या भाषेत एक लहान पुस्तिका लिहिली. तिचे आइसलँडी भाषांतर छापून ते बेटावर घरोघर मोफत वाटण्यात आले. कुत्र्याला काय खाऊ घालू नये, टाकाऊ भाग कसा नष्ट करावा, मुलांना कुत्र्यापासून कसे सांभाळावे, एवढाच तिचा विषय होता.

सरकारी पुस्तिका वाटल्या जातात आणि पुष्कळदा कपाटात राहतात, हा अनुभव सर्वत्र आहे. आइसलँडमध्ये तसे झाले नाही. याचे एक कारण असे की तेथे साक्षरता जवळजवळ सार्वत्रिक होती आणि हिवाळ्याच्या दीर्घ रात्री मोठ्याने वाचन करण्याची रीत होती. १८६९ साली कायदा झाला. अनावश्यक कुत्र्यांवर कर बसविण्यात आला व कोष असलेले अवयव नष्ट करण्याची सक्ती झाली. १८९० च्या कायद्याने कुत्र्यांना दरवर्षी जंतनाशक औषध देणे बंधनकारक केले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी म्हाताऱ्या मेंढ्यांऐवजी कोवळी कोकरे कापण्याची पद्धत रूढ झाली आणि कत्तल घराच्या अंगणातून कत्तलखान्यात गेली. कोकराच्या अंगात कोष वाढण्यास वेळच मिळत नसल्याने कुत्र्यांना होणारा पुरवठा आटला. राजधानी रेक्याविकमध्ये तर १९२४ पासून कुत्री पाळण्यास बंदी होती. ती शिथिल झाली १९८४ मध्ये. आज आइसलँड या रोगापासून मुक्त मानले जाते.

या यशाचे श्रेय केवळ पुस्तिकेला देता येणार नाही, तसेच केवळ कायद्यालाही नाही. कायदे असूनही वृद्ध माणसांत कोष कितीतरी दशके सापडत राहिले, कारण ते बालपणीच आत शिरलेले होते. म्हणजे आज केलेल्या कामाचे फळ माणसांच्या आकडेवारीत दिसण्यास एक पिढी लागते. न्यूझीलंडने १९५९ च्या कायद्याने याच दिशेने काम सुरू केले आणि २००२ साली तात्पुरती रोगमुक्ती जाहीर केली. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया या बेटाने तसे १९९६ साली केले. हे तिन्ही प्रदेश समुद्राने वेढलेले आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तेथे शेजारच्या तालुक्यातून कुत्री येत नाहीत.

महाराष्ट्रातील परिस्थिती

महाराष्ट्रात मेंढपाळीचे स्वरूप भटके आहे. पश्चिम महाराष्ट्रातील धनगर मेंढपाळ पावसाळा संपला की कळप घेऊन बाहेर पडतात. कोणी घाट उतरून कोकणात जातात, कोणी नदीखोऱ्यांत फिरतात. शेतकरी आपल्या शेतात मेंढ्या बसवून घेतात आणि त्या खताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे देतात. या वाड्याबरोबर कुत्री असतातच. लांडग्यापासून व चोरापासून कळप राखण्याचे काम त्यांचे. वाटेत एखादी मेंढी मेली किंवा कापली तर आतडी, फुफ्फुसे त्यांच्याच वाट्याला येतात. मेंढपाळाचे कुटुंब, लहान मुले, कळप आणि कुत्री उघड्यावर एका वस्तीत राहतात. हायडेटिडच्या दृष्टीने सर्वाधिक जोखीम कोणाला, असे विचारल्यास पहिले नाव या कुटुंबांचे घ्यावे लागेल. वर्षातील बराच काळ ती गावापासून दूर असल्याने पशुवैद्यकीय दवाखान्याचा कुत्र्यांपुरता संबंध क्वचितच येतो. मेंढ्यांना लस टोचून घेणारा मेंढपाळ कुत्र्यालाही गोळी मागत नाही आणि बहुधा त्याला ती कोणी सुचवतही नाही.

दुसरी गोष्ट मेलेल्या जनावरांची. पूर्वी गावाबाहेर टाकलेले जनावर गिधाडे काही तासांत साफ करीत. १९९० च्या दशकापासून भारतातील गिधाडांची संख्या कोसळली. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मृत जनावरांत राहून तो गिधाडांना मारक ठरतो, हे २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ साली भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. दरम्यान गिधाडांची जागा कुत्र्यांनी घेतली होती. गिधाडाच्या पोटात हा कृमी वाढत नाही, कुत्र्याच्या पोटात वाढतो. म्हणजे पक्ष्यांच्या ऱ्हासाचा संबंध आपल्या यकृतापर्यंत येऊन पोचतो.

शहरातील कत्तलखान्यांत पशुवैद्य मांसाची तपासणी करतात आणि बाधित अवयव नष्ट करण्याची तरतूद असते. लहान गावांत, आठवडी बाजाराच्या कडेला, जत्रेत व देवकार्यात होणाऱ्या कत्तलीला अशी तपासणी नसते, आणि लक्ष द्यायला हवे ते नेमके तेथेच.

शाकाहारी घरातील फेफरे

हायडेटिडशी नात्याने जवळचा आणि अधिक परिचित कृमी म्हणजे डुकरातील टीनिया सोलियम. येथे उलटा हिशेब आहे. प्रौढ कृमी माणसाच्या आतड्यात राहतो, त्याची लांबी काही मीटर असते. माणसाची उघड्यावरची विष्ठा डुक्कर खाते आणि त्याच्या स्नायूंत साबुदाण्यासारखे कोष तयार होतात. ते अर्धकच्चे मांस माणसाने खाल्ले की त्याच्या पोटात पट्टकृमी वाढतो. १८५५ साली जर्मन वैद्य क्यूखेनमाइस्टर यांनी देहदंडाची शिक्षा झालेल्या एका कैद्यास नकळत असे कोष अन्नातून दिले आणि देहदंडानंतर त्याच्या आतड्यात कोवळे पट्टकृमी शोधून हा संबंध सिद्ध केला. या प्रयोगावर त्या काळीही टीका झाली आणि ती योग्यच होती.

प्रौढ कृमीचा त्रास सहसा फार नसतो. खरा धोका वेगळाच आहे. कृमी बाळगणाऱ्या माणसाच्या विष्ठेतील अंडी त्याच्या हातांवाटे, भाजीवाटे, पाण्यावाटे दुसऱ्याच्या तोंडात गेली की त्या दुसऱ्या माणसाच्या अंगात, डुकराप्रमाणेच, कोष तयार होतात. ते मेंदूत झाले तर झटके येतात. ज्या भागांत मोकाट डुकरे व माणसे जवळजवळ राहतात तेथील अपस्माराच्या सुमारे तीस टक्के रुग्णांमागे हा रोग असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे. जन्मात कधी डुकराचे मांस न खाल्लेल्या माणसाला हा रोग कसा होतो, हे कोडे यामुळे उलगडते. न्यूयॉर्कमधील सनातनी ज्यू समाजात डुकराचे मांस निषिद्ध आहे. १९९० व १९९१ मध्ये त्या समाजातील परस्परांशी संबंध नसलेल्या चार व्यक्तींच्या मेंदूत हे कोष आढळले. घरातील स्वयंपाकपाण्यास मदत करणाऱ्या, रोगाचा प्रादुर्भाव असलेल्या देशांतून आलेल्या माणसांकडून संसर्ग झाला असावा, असा निष्कर्ष निघाला. अशा माणसाला दोष देण्यात अर्थ नसतो. आपल्या पोटात कृमी आहे हे त्यालाही ठाऊक नसते.

या रोगाच्या अभ्यासात भारताचे नाव जुने आहे. भारतात नोकरी करून मायदेशी परतलेल्या ब्रिटिश सैनिकांना काही वर्षांनी झटके येऊ लागत. १९३० च्या दशकात लष्करी वैद्य मॅकआर्थर यांनी त्याचा संबंध या कोषांशी जोडला आणि १९६१ साली अशा ४५० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. आपल्याकडे मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसणारी एकच लहान गाठ पुष्कळदा क्षयाची समजली जाई. तिच्यामागे बहुधा हा कृमी असतो, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील शल्यचिकित्सकांनी १९९० च्या सुमारास दाखवून दिले. मुलाला झटका आला की कांदा हुंगवणे व देवऋषी गाठणे अजूनही घडते. शिक्षकांनी तरी अशा मुलास तपासणीसाठी रुग्णालयात पाठविण्याचा आग्रह धरावा.

नारूचा धडा

तोंडावाटे येणाऱ्या कृमीची साखळी तोडणे महाराष्ट्राला नवे नाही. पन्नाशी-साठीच्या घरातील पुष्कळांना नारू आठवत असेल. पायऱ्यांच्या विहिरीत रोगी पाणी भरण्यासाठी उतरे, त्याच्या पायाच्या फोडातून नारूची पिले पाण्यात पडत, सायक्लॉप्स हे बारीक जलजीव ती गिळत आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात सुमारे वर्षाने हातभर लांबीचा कृमी तयार होई. काडीवर गुंडाळत तो दिवसेंदिवस ओढून काढावा लागे. १९८३-८४ साली भारतात नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा बाधित राज्यांत महाराष्ट्र होता. ना लस, ना औषध. पायऱ्या बुजविणे, पाणी फडक्यातून गाळणे, विहिरीत औषध टाकणे आणि हातपंप बसविणे एवढ्यावरच भिस्त होती. हातपंपांच्या बाबतीत तर महाराष्ट्राचे ऋण देशावर आहे. जालना पंप व सोलापूर पंप यांच्या अनुभवातूनच पुढे इंडिया मार्क दोन हा देशभर गेलेला पंप तयार झाला. भारतातील शेवटचा नारूचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

जगात १९८६ साली अंदाजे पस्तीस लाख लोकांना नारू होता. २०२४ साली ही संख्या पंधरावर आली. तरीही निर्मूलन पुरे झालेले नाही आणि त्याचे कारण कुत्रे आहे. आफ्रिकेतील चाड देशात २०१२ पासून कुत्र्यांत नारू मोठ्या प्रमाणात आढळू लागला. माशांची टाकलेली आतडी खाल्ल्याने तो कुत्र्यांत शिरत असावा, असा तज्ज्ञांचा कयास आहे. तेथील गावकऱ्यांना आता माशांची आतडी पुरण्यास आणि बाधित कुत्रा बांधून ठेवण्यास सांगितले जाते, त्यासाठी बक्षीसही मिळते.

गावात काय करता येईल

चाडमधील मासेमारांचे व आपल्याकडील खाटकांचे काम येथे एकच होते. कोष असलेली कलेजी, फोपसा किंवा अन्य अवयव कुत्र्याच्या तोंडी जाऊ नये. अर्धा-पाऊण तास खळखळून उकळल्यास कोष निर्जीव होतो. ते शक्य नसेल तर जाळावा किंवा कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल पुरावा. जेथे नियमित कत्तल होते त्या जागेला कुंपण आणि झाकणाचा खड्डा, इतका खर्च लहान ग्रामपंचायतीलाही पेलण्यासारखा आहे. जत्रेच्या आधी पंचायतीने असा खड्डा खणून ठेवला आणि एका माणसास तेवढेच काम दिले, तरी वर्षातील सर्वांत मोठी कत्तल सुरक्षित होते. मेलेल्या जनावरांसाठीही गावाने जागा ठरवावी आणि तेथे जनावर उघडे पडू देऊ नये.

दुसरे काम कुत्र्यांना औषध देण्याचे. प्राझिक्वाँटेल या औषधाची एक मात्रा कुत्र्याच्या आतड्यातील हे कृमी मारते. कृमी पुन्हा अंडी घालू लागण्यास सहा आठवडे लागत असल्याने तितक्या अंतराने मात्रा देणे उत्तम. वर्षातून निदान चार वेळा तरी ती द्यावी, अशी शिफारस आहे. केंद्र शासनाने २०२३ साली अधिसूचित केलेल्या प्राणी जनननियंत्रण नियमांत मोकाट जनावरांचे जंतनिर्मूलन, लसीकरण व निर्बीजीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी ठरविली आहे. चर्चा मात्र निर्बीजीकरणाची व रेबीजच्या लसीचीच होते, जंतनिर्मूलनाचा शब्द वाचलाच जात नाही. मोकाट कुत्री दर सहा आठवड्यांनी पकडणे अवघड आहे, हे मान्य केलेच पाहिजे. म्हणून आरंभ मालकीच्या कुत्र्यांपासून, त्यातही मेंढपाळांच्या कुत्र्यांपासून करणे शहाणपणाचे ठरेल. कळप बाहेर पडण्यापूर्वी मेंढ्यांना लस टोचली जाते त्याच दिवशी कुत्र्यांनाही गोळी देता येईल, वेगळा फेरा लागणार नाही. मेंढ्यांसाठी या रोगाची लसही ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील संशोधनातून तयार झाली असून ती काही देशांत वापरली जाते. आपल्या खेड्यांत तूर्त खड्डा आणि गोळी ही दोनच साधने हाताशी आहेत.

शाळेत शिक्षकांना सांगण्यासारखे फार थोडे आहे, पण ते रोज सांगावे लागते. कुत्र्याला हात लावल्यावर व जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, कुत्र्याला तोंड चाटू न देणे, त्याला आपल्या ताटात न खाऊ घालणे, गाजर-मुळा-कोथिंबीर धुऊन खाणे. कुत्र्याला हाकलून द्या, असे मुलांना सांगण्याची गरज नाही. ते मुले ऐकणारही नाहीत.

औषध देण्याच्या दिवसाबद्दल एक सूचना महत्त्वाची आहे. ही गोळी कृमी मारते, परंतु त्यांच्या पोटातील अंडी मारत नाही. औषधानंतरच्या विष्ठेत मेलेल्या कृमींबरोबर ती अंडी मोठ्या संख्येने बाहेर पडतात. म्हणून कुत्रा दोन दिवस बांधून ठेवावा, पाणवठा, भाजीचे वाफे व मुलांची खेळण्याची जागा यांपासून दूर. त्या दोन दिवसांची विष्ठा हाताला न लागता फावड्याने गोळा करून जाळावी किंवा खोल पुरावी. बांधलेल्या जागेवर उकळते पाणी ओतावे, फिनेलवर विसंबू नये. मात्रेची तारीख व कुत्र्याच्या मालकाचे नाव ग्रामपंचायतीच्या वहीत टिपून ठेवल्यास पुढची मात्रा केव्हा द्यायची, हे कोणालाही पाहता येईल.